शेंदऱ्याच्या माश्या

वाडी, ता. पन्हाळा
१६ जानेवारी १९७४

चि. कृष्णात,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. संक्रांतीला तू आला नाहीस, लीलाच्या माहेरी गेलास असं कळलं. तुझा तिळगूळ डब्यात ठेवलाय. मुंग्यांच्या आधी ये.

आज पत्र लिहितेय ते शेंदऱ्यासाठी. विहिरीजवळचा आपला शेंदऱ्या आंबा यंदाही असा मोहोरलाय की पान दिसत नाही. येणारा-जाणारा बघून म्हणतो, यंदा आंबा उदंड. मला मात्र त्या मोहोराकडे बघून धडकी भरते, कारण सलग दोन वर्षं असाच मोहोरला आणि नंतर काळा पडून गळून गेला. एका वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आंबे आले, गेल्या वर्षी तर चटणीपुरतीही कैरी नाही.

आता नदीवरून पाइपलाइन येणार आहे आणि सगळ्यांना उसाचं वेड लागलंय. तुझे दाजी परवा जेवताना म्हणाले, "सावलीत ऊस येत न्हाय. पाडव्यापतोर कैरी दिसली तर ठेवतो झाड, न्हाय तर लाकूडवाल्याला सांगतो." माणूस वाईट नाही, तुला माहीत आहे. पण बोलला की बोलला.

हे झाड माझं काय आहे ते तुला नव्याने सांगायला नको. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी माझ्या हाताने त्याच्या बुंध्याला हळदकुंकू लावून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यो थोरल्या सुनंचा. ह्येच्या आंब्याला गड्यांनी हात लावायचा न्हाय." शेत यांचं, घर यांचं, म्हशी यांच्या. माझं म्हणावं असं हे एकच झाड. आई गेल्यावर तुला मी इथे आणलं तेव्हा तुझी पुस्तकंसुद्धा याच आंब्यांतून आली.

तू पोरांना शास्त्र शिकवतोस. मग मला सांग, मोहोर येतो आणि फळ का धरत नाही? लवकर कळव. हल्ली माझं एका जागी बूड टिकत नाही. भाकरी थापताना दोनदा उठून झाड बघून येते, आणि तव्यावरची करपते.

तुझी,
आक्का


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२१ जानेवारी १९७४

ती. आक्का,

नमस्कार, आणि तिळगुळाबद्दल कान पकडतो. सासरेबुवांनी माणूस पाठवला, नाही म्हणता आलं नाही.

तुझं पत्र वाचून लगेच शाळेच्या ग्रंथालयात गेलो आणि फळझाडांवरचं जाडजूड पुस्तक काढलं. तुझा प्रश्न सोपा आहे. मोहोरावर तुडतुडे पडतात, ते रस शोषतात, मोहोर काळा पडतो. तुमच्या वाडीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पावडरीचा पुडा पाठवतोय. मोहोर फुललेला असतानाच सकाळी सगळ्या झाडावर धुरळ. तोंडाला पदर बांध. शिवाय दोन पाट्या शेणखत आणि भरपूर पाणी. झाडाचं वयही झालंय, हे विसरू नकोस. म्हातारपणी माणूससुद्धा विसराळू होतो, मग झाड फळ धरायला विसरलं तर एवढं काय.

दाजींना म्हणावं, मास्तरने औषध दिलंय, कुऱ्हाड घरात ठेवा.

इथे माझ्या डोक्याला वेगळाच ताप आहे. आमच्या खोल्यांच्या मागे ज्ञानू गवळ्याचा गोठा आहे, बारा म्हशी. त्या गोठ्याच्या माश्यांनी उच्छाद मांडलाय. चहाच्या कपावर बशी ठेवल्याशिवाय घोट घेता येत नाही. अकरा घरांच्या सह्या घेऊन मी नगरपालिकेत अर्ज दिलाय की गोठा गावाबाहेर न्यावा. तुझ्याकडे दोन वर्षांपूर्वी आपण उकिरडा ओढ्यापलीकडे नेला ते किती बरं झालं, हे मला रोज आठवतं.

पावडर दिली की लगेच कळव.

तुझा,
कृष्णात


वाडी
४ फेब्रुवारी १९७४

चि. कृष्णात,

पावडर पोचली, धुरळली. दोन दिवस मला खोकला, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली झाडायला गेले तर खाली मेलेल्या किड्यांचा सडा. थोडे तुडतुडे होते, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यात चकचकीत हिरव्या माश्या होत्या, आणि पोटावर पिवळे पट्टे असलेल्या बारीक बारीक कसल्या तरी. सुपात गोळा केल्या, पसाभर झाल्या. तशीच सूप धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

आणि झाड गप्प झालंय, कृष्णात. मी या घरात आले तेव्हा मोहोराच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाला झाडातून असा घुमारा निघायचा की विहिरीवर दोन बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नसे. गेली दोन वर्षं तो आवाज कमी कमी होत गेला. आता तर काहीच नाही. सासूबाई असत्या तर त्या म्हणाल्या असत्या... जाऊ दे. गेलेल्या माणसाचं काय काढायचं.

परवा लाकूडवाला येऊन बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजून गेला. मी आत पीठ मळत होते. दोरीची गाठ त्याने झाडालाच ठेवली, मी जाऊन ती सोडली आणि चुलीत घातली.

तुझं ते पुस्तक मिटून ठेव. मला पुस्तकातलं नको. तिथे कोल्हापुरात एखादा मोहोरलेला आंबा असेल, त्याच्याखाली जाऊन बस आणि डोळ्यांनी बघ काय होतं ते. लहानपणी मुंग्यांची रांग बघत दोन-दोन तास बसायचास, जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. तो कृष्णात कुठे गेला?

पाडवा चोवीस मार्चला आहे.

आक्का


कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९७४

ती. आक्का,

तुझा टोला बसला. काल रविवार होता, बसलो.

मोहोरलेले दोन आंबे माझ्या पाहण्यात आहेत. एक शाळेच्या फरसबंदी अंगणात, जिथे आम्ही पोरांकडून रोज झाडून घेतो, पाण्याचा थेंब साचू देत नाही. दुसरा, सांगायला लाज वाटते, ज्ञानू गवळ्याच्या गोठ्यात, शेणाच्या ढिगाला लागून. शाळेच्या आंब्याला मी सहा वर्षांत दहा फळं पाहिली नाहीत. ज्ञानूचा आंबा दर वर्षी टेकू द्यावे लागतील इतका लागतो. रोज खिडकीतून दोन्ही बघायचो आणि हे कधी डोक्यातच आलं नाही.

सकाळी आठला स्टूल घेऊन गोठ्यात गेलो. ज्ञानू धार काढत होता. म्हणाला, "काय मास्तर, अर्ज करून भागलं न्हाय म्हणून आता राखण करायला बसलायसा व्हय?" मी म्हटलं, आंबा बघायचाय. तो म्हणाला, "बघा की. बघायला काय पैसं पडत न्हाईत." आणि दुधाचा पेला आणून दिला. अर्जाबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही, त्यामुळे मला तो पेला संपवणं जड गेलं.

आता काय दिसलं ते ऐक. आंब्याचं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, पण एका तुऱ्यात शेकड्यांनी. त्यातली बहुतेक नुसती नर, फळ धरू शकतील अशी थोडीच. त्यांच्यावर ऊन चढलं की हिरव्या माश्या येतात. ज्यांना आपण घाण म्हणतो त्याच. पण मोहोरावर त्या अगदी सावकाश वागतात. एका फुलात तोंड घालतात, चालत पुढच्यात जातात, पाय एकमेकांवर घासतात, मग उडून दुसऱ्या तुऱ्यावर. एकीला मी भिंगातून पाहिली, तिच्या छातीला आणि पायांना पराग चिकटलेले होते. दुसऱ्या जातीच्या बारीक, पिवळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी थांबून राहतात आणि मग फुलाला टेकतात. तुझ्या सुपातल्या त्याच असाव्यात. शिवाय डासाएवढ्या काळ्या मधमाश्या, ज्या डंख मारत नाहीत. मोठ्या मधमाश्या मात्र एक चक्कर मारून शेजारच्या शेवग्यावर निघून गेल्या. आंब्याच्या मोहोराची त्यांना फारशी गोडी दिसत नाही.

एका तासात एका फांदीवर दोनशेच्या वर भेटी मोजल्या, मग आकडा चुकला. नंतर शाळेत जाऊन तसाच तासभर बसलो. तिथे चार.

अजून निष्कर्ष काढत नाही. ज्ञानूच्या झाडावरच्या सहा नव्या तुऱ्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात, वारा जाईल पण माशी जाणार नाही अशा. शेजारच्या सहांना नुसता दोरा. जाळी कुठली विचारू नकोस. आमच्या लग्नात आलेली मच्छरदाणी कोपऱ्यातून कापली, आणि लीला तेव्हापासून माझ्याशी मोजकं बोलतेय.

वर्गात शिकवतानाही लक्ष खिडकीबाहेर असतं. पंधरा दिवसांत कळेल. दाजींना तोवर थांबव.

कृष्णात


कोल्हापूर
२६ फेब्रुवारी १९७४

ती. आक्का,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राहतो. तू रागावलीस की तिकडे काही झालं? उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण हे पोटात ठेवून मला राहवत नाही.

आज पिशव्या सोडल्या. जाळीतले सहाही तुरे वाळके, बोटाने चाचपले तर नुसत्या काड्या. एक फळ नाही. दोरा बांधलेल्या सहांपैकी पाचांवर हिरवे दाणे, काही वाटाण्याएवढे. झाड एकच, खत एकच, पाणी एकच. फरक फक्त एवढाच की एकीकडे माशी पोचली आणि एकीकडे नाही.

आणि मग मला दोन वर्षांपूर्वीचा माघ आठवला.

लीलाची माणसं माझं घर बघायला येणार होती. माझं घर म्हणजे तुझं घर. मी आदल्या रविवारी येऊन काय काय केलं ते तुला पाठ असेल, तरी मला माझ्या हाताने लिहू दे. झाडाशेजारचा उकिरडा दोन बैलगाड्या लावून ओढ्यापलीकडे नेला. विहिरीच्या भिंतीतल्या भोकात त्या बारीक काळ्या माश्या राहायच्या, ते भोक सिमेंटने बुजवलं. आणि तुझ्या सासूबाई दर वर्षी मोहोराच्या दिवसांत सुतळीने मासळीची डोकी शेंदऱ्याला टांगायच्या, ती मी शिडी लावून एकेक काढली आणि ओढ्यात फेकली. घाण वास येत होता, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटली होती, आक्का. पेठेतली शिकलेली माणसं येणार आणि आंब्याला मासे टांगलेले बघणार, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला होता. त्या वासावर हिरव्या माश्या येत होत्या आणि त्या माश्यांवर तुझा आंबा उभा होता.

माझं लग्न जमलं. त्या वर्षापासून तुझं झाड मोकळं. आणि यंदा उरल्यासुरल्या माश्यांवर मीच पावडर पाठवली.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. झाड म्हातारं नाही, झाडाचा काही दोष नाही. उकिरडा परत आण. माशांची डोकी टांग. मागून आणखी मोहोर येत असेल तर अजून वेळ आहे. मला मार, पण उत्तर लिही.

कृष्णात


वाडी
२ मार्च १९७४

चि. कृष्णात,

तुझं पत्र काल मिळालं. तू ते लिहिलंस त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, लाकूडवाले आले होते.

पावडरीनंतर मोहोर सगळा काळा झाला होता. तुझे दाजी म्हणाले, मोहोरच गेला तर पाडव्याची वाट कशाला बघायची. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस शब्दाला चुकला. सकाळी आठला चार गडी कुऱ्हाडी घेऊन हजर आणि हे निघून गेले पाइपलाइनच्या बैठकीला. मी भांडले असते तर त्या गड्यांनी माझं ऐकलं नसतं. त्यांनी उगवतीकडची मोठी फांदी घेतली, तू झोपाळा बांधायचास ती. ती पडली तेव्हा घराची कौलं हलली. मग मी बाहेर जाऊन म्हटलं, "पावणं, उपाशी काम करू नका. मटण शिजतंय." आपल्या घरचं जेवण कोण सोडतो? तांबडा रस्सा केला, हात सैल सोडून तेल घातलं, भाकऱ्या मऊसूत. चौघं पोटभर जेवले आणि त्याच फांदीच्या पाल्यावर आडवे झाले. चार वाजेपर्यंत घोरत होते.

चारला तुझे दाजी आले. सगळ्यांसमोर मी विचारलं, "पाडवा कधी हाय वो?" ते म्हणाले, "चोवीस मार्चला." मी म्हटलं, "मग आज काय हाय?" मग गड्यांना म्हणाले, "जावा तुमी. पाडव्यानंतर सांगावा धाडतो."

काल तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. सगळं, लग्नाचंसुद्धा. म्हणाले, "म्हंजी तुझ्या भावाचं लगीन झालं आन आमचा आंबा ऱ्हायला?" आधी हसले, मग उठून झाडाकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत तिकडेच होते. आल्यावर एवढंच बोलले, "पाडव्याला एक कैरी दाव, बास."

मावळतीच्या अंगाला पंधरा-वीस तुरे नवे निघालेत, अजून कळीत आहेत. आता जे काय आहे ते तेवढ्यावर. उकिरडा आणायला बैल मोकळे नाहीत म्हणून मी पाटीने डोक्यावरून आणतेय. काल सात खेपा झाल्या, आज मान वळत नाही. मासे मात्र मला इथे मिळायचे नाहीत. तू टाकलीस, तू आण.

बाकी तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर आज नको.

आक्का


कोल्हापूर
१२ मार्च १९७४

ती. आक्का,

सुखरूप पोचलो. परवाचा सदरा लीलाने तीन पाण्यांत धुतला, तरी वाळत घातल्यावर शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

जातानाची गंमत तुला सांगायची राहिली. मासळी बाजारातून पिशवीभर डोकी घेतली, केळीच्या पानात बांधली, वर शाळेच्या वह्या ठेवल्या. गाडीत शेजारी माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ते मला मुलीच्या गणिताबद्दल विचारत होते, नंतर बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटी कंडक्टर ओरडला, "कुणाचं मढं हाय त्ये टपावर टाका." मी हात वर केला. मास्तरांचा हात वर, आणि सगळी गाडी माझ्याकडे बघतेय. पिशवी टपावर गेली आणि वाटेत दोन घारी गाडीबरोबर फिरायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी ज्या लाजेपायी डोकी काढली ती लाज त्या दिवशी भर गाडीत फिटली.

पहारीने सिमेंट फोडताना हात सोलले, त्याचं काही वाटत नाही. त्या भोकात काळ्या माश्या पुन्हा येतील की नाही ते माहीत नाही. पण दुपारी बाराच्या सुमारास पहिली हिरवी माशी टांगलेल्या डोक्यावर बसली आणि तिथून मोहोरावर गेली, तेव्हा तू माझा दंड धरलास. मी आयुष्यात माशीची इतकी वाट पाहिली नव्हती.

इथे आल्यावर नगरपालिकेतला अर्ज मागे घेतला. बाकीची दहा घरं माझ्यावर खवळली आहेत.

एक विचारतो. निघताना गाडीजवळ तू म्हणालीस, "सासूबाईंनी त्या दिवशी..." आणि थांबलीस. फेब्रुवारीच्या पत्रातही तिथेच थांबली होतीस. तुझं हे थांबणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे. बाबांचं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर तू अशीच थांबायचीस. जे असेल ते लिही. मला शाळेत, घरात, कुठेच चैन नाही.

कृष्णात


वाडी
२५ मार्च १९७४

चि. कृष्णात,

आधी झाडाचं. काल गुढी उभी केली, नैवेद्य दाखवला, आणि तुझे दाजी शिडी घेऊन झाडाखाली गेले. मी ओसरीवरच बसून राहिले. ते स्वतः चढले. मग वरून म्हणाले, "शाले, हिकडं ये." गोटीएवढ्या कैऱ्या. मावळतीच्या फांदीवर सात. खाली उतरले, हात झाडले आणि म्हणाले, "ठेवतो. पर पाइपाच्या आड दुसरी फांदी आली तर बोलायचं न्हाय." लाकूडवाल्याला सांगावा गेला नाही.

आता तू विचारलंस ते. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "शाले, डोकी काढली, उकिरडा हलवला. माशी जाईल, आन माशीमागनं तुझा आंबा जाईल. पावण्यांदेखत तुझ्या भावाला सांगतो मी." मी घाबरले. सासूबाईंची जीभ कशी होती ते तुला माहीत आहे, त्या खरंच बोलल्या असत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, आजच्या दिवस गप्प ऱ्हावा. माझ्या भावाचं जमू द्या." त्या ऐकेनात. मग मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. पाहुणे जाईपर्यंत, चार तास. तुला यातलं काही माहीत नव्हतं. उकिरडा तू हलवलास, कडी मी घातली.

कडी काढली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. "जमलं का?" एवढंच विचारलं. त्यानंतर त्या कधी झाडाखाली गेल्या नाहीत आणि त्याच श्रावणात वारल्या.

म्हणजे जानेवारीत तुला विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं, कारण मला सासूबाई चुकीच्या ठरायला हव्या होत्या. तू शिकलेला. तू लिहावंस की झाड म्हातारं झालं, खत कमी पडलं, तुडतुडे पडले. तू तसंच लिहिलंस आणि मला इतकं बरं वाटलं की मी ती पावडर आनंदाने धुरळली. मग सूप हातात घेऊन उभी राहिले आणि कळलं की बाई खरं बोलत होती आणि मी तिला कोंडून ठेवलं होतं.

मला याचं ओझं होतं, झाडापेक्षा जास्त. आता तुलाही दिलं.

आक्का


कोल्हापूर
८ मे १९७४

ती. आक्का,

तुझं पत्र आलं तेव्हापासून चार वेळा लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. शेवटी तुझं पत्र लीलाच्या हातात दिलं. मासे, उकिरडा, कडी, सगळं तिने वाचलं. मला वाटलं होतं ती चिडेल, माहेरी सांगेल.

तिने पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाली, "आईला माहीत आहे." त्या दिवशी तुझ्याकडून परत आल्यावर तिची आई घरात म्हणाली होती की अंगण लखलखीत आहे, माणसं चांगली आहेत, पण आतल्या खोलीत कुणी तरी म्हातारं खोकत होतं आणि चहाला त्याला बाहेर बोलावलं नाही. लग्नाला नाही म्हणावं का, यावर त्यांच्याकडे दोन दिवस वाद झाला होता. उकिरड्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. सासरेबुवा स्वतः कागलच्या शेतात वाढलेले, त्यांना शेणाचा वास नवा नाही. आपण जे लपवायला धडपडलो ते कुणी बघितलं नसतं, आणि जे केलं ते त्यांनी ऐकलं.

लीलाची आई विचारत होती, यंदा शेंदऱ्या आहे का. ती सगळी यायचं म्हणतात. मी काय सांगू?

कृष्णात


वाडी
२० मे १९७४

चि. कृष्णात,

या म्हणावं. सातांतले तीन वळवाने पाडले, चार राहिले. परवा उतरवले, तुझ्या दाजींनी हात लावला नाही, शिडी तेवढी धरली. एक लीलाच्या आईला, एक लीलाला, एक तुम्हा बाकीच्यांत. चौथा सासूबाईंचा आहे, तो कुणाला मिळणार नाही.

या वेळी उकिरडा हलवणार नाही. माश्या आहेत, चहावर बशी ठेवा. विहिरीच्या भोकातून परवा दोन-चार काळ्या ये-जा करताना दिसल्या, राहतील की नाही ते बघू.

आतल्या खोलीची कडी मी सुताराकडून काढून घेतली. आढी तिथेच, पेंढ्यात घातलीय. दार उघडंच असतं, त्यामुळे चार आंब्यांचा वास घरभर येतो.

आक्का